राखीव बाटली

एखादा नमुना नापास व्हावा म्हणून केमिस्टबाई मनातल्या मनात हात जोडतायत, हे टँकरवाल्यांना कुणी सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते. त्यांच्या मते बाईंना नापास करण्याशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. "आज आत कोण आहे, सर की नापास?" असं फाटकावर विचारून मगच ते टँकर आत घ्यायचे. ‘नापास’ हे बाईंचं तिथलं नाव. ते बाईंना माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्यांचा कुणावर राग नव्हता, फक्त ‘चालतंय की’ हे दोन शब्द ऐकले की त्यांचं डोकं फिरायचं. काय चालतंय? कुठे चालतंय? मोजलंय का कुणी? अशा बाईबरोबर संसार करणं सोपं नसतं, पण त्यांना नवराही तोडीस तोड मिळाला होता.

प्रयोगशाळा कारखान्यांच्या वसाहतीत मागच्या गल्लीत होती. खाली गोदाम, वर चाचण्या. उपाहारगृहांतून तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं आणि त्यावर प्रक्रिया करून त्याचं डिझेल करायचं, असा धंदा करणाऱ्या कंपन्या हल्ली चिक्कार झाल्यात. त्या बायोडिझेलचा टँकर विकला जाण्याआधी त्याचा नमुना इथे येतो. त्यात पाणी किती, आम्ल किती, ग्लिसरीन किती उरलंय, किती तापल्यावर ते पेट घेतं, थंडीत गोठून धरतं का, हे सगळं बघायचं. शिवाय दर टँकरमागे लिटरभराची एक तपकिरी बाटली सील करून खालच्या अंधाऱ्या खोलीत ठेवायची. तिला राखीव म्हणतात. पुढे भांडण झालं तर दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर ती फोडायची आणि ती काय सांगते ते ऐकायचं. नाही झालं, तर मुदत संपल्यावर ओतून द्यायची. बहुतेक बाटल्यांना आयुष्यात कुणी काही विचारत नाही.

या वेळचं भांडण बाईंच्या घरातलं होतं.

त्यांचा नवरा डोंगरावरच्या इस्पितळाची ॲम्ब्युलन्स चालवायचा. इस्पितळात त्याला ‘घड्याळ’ म्हणत. पहाटे ड्यूटीवर आला की आधी बॉनेट उघडायचं, डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून तळाशी जमलेलं पाणी सोडायचं, स्क्रू आवळायचा, हात पुसायचे आणि मगच चहा. पाणी सोडल्याशिवाय त्याने चहाला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. नर्सबाई तर म्हणायच्या, ह्याचं बॉनेट वाजलं की आम्ही इंजेक्शनं भरायला घेतो.

त्या दिवशी पहाटे एका प्लंबरला छातीत दुखतंय म्हणून आणलं होतं. खालच्या मोठ्या इस्पितळात ताबडतोब न्यायला हवं होतं. मागे प्लंबर, त्याच्याशेजारी त्याची बायको आणि एक नर्स. थंडी अशी की काचेवर फडकं फिरवलं तरी ती परत पांढरी होत होती. अर्ध्या घाटात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. घड्याळने बॉनेट उघडलं, हाताने पंप मारला, पुन्हा पुन्हा सेल्फ मारला. इंजिन नुसतं घरघरायचं. खालून दुसरी गाडी येईपर्यंत प्लंबर गेला होता.

गाडी ओढून नेली ती ज्या गॅरेजवाल्याकडे, त्याने दाखवला शहाणपणा. कुणी न सांगता टाकी उपसली, फिल्टर फेकून दिला, नवा बसवला, आणि "मस्त चालतेय बघा" म्हणून किल्ली परत केली. म्हणजे गाडीत काय होतं ते सांगायला गाडीत काही उरलं नाही. इस्पितळाने कमिटी बसवली. कमिटीसमोर दोनच गोष्टी होत्या. एक तर इंधन खराब, नाही तर ड्रायव्हरने फिल्टरमधलं पाणी सोडलं नव्हतं आणि ते इंजिनात गेलं.

"त्या दिवशी सकाळी पाणी सोडलं होतं का?"

"आठवत नाही," घड्याळ म्हणाला.

कमिटीवाले त्याच्या बाजूचे होते हो! त्यांनी तीनतीनदा विचारलं, नीट आठवून बघा म्हणाले, एकाने तर मान हलवून ‘हो म्हणा’ असं सुचवूनसुद्धा पाहिलं. हा आपला "आठवत नाही" वरच अडलेला. घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"अरे, काल दात घासलेस का म्हणून कुणी विचारलं तर तुला घासल्याचं आठवतं का? पण घासलेले असतातच ना?"

"असतात."

"मग?"

"मग आई, दात न घासल्याने कुणी मेलेलं नाही."

रोज करतो ती गोष्ट आठवत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि तेच त्याला खात होतं. एरवीच्या सकाळी एकात एक मिसळून गेल्या होत्या. कधीही डोळे मिटले तरी त्याला स्क्रू दिसायचा, बोटांवरून ओघळणारं डिझेल दिसायचं, पण ते त्या दिवशीचं की आदल्या दिवशीचं, हे सांगायला त्यात काही नव्हतं. कामावरून त्याला घरी बसवलं होतं. पहाटे तो उठायचा, कपडे करायचा आणि खाटेवर बसून उजव्या हाताची बोटं फिरवायचा. सैल करायचा, आवळायचा.

"थंडी फार होती," एकदा तो बाईंना म्हणाला. "बोटं बधिर झाली होती. आज राहू दे, असं म्हटलं असेन."

"म्हटलं असाल की म्हटलंत?"

"तेच तर."

नोकरीची त्याला पर्वा नव्हती. नोकरी काय, शाळेची बस चालवायलाही त्याला कुणी हसत घेतलं असतं. त्याला एवढंच हवं होतं, की तो माणूस आपल्या हाताने मेला की नाही, हे कुणीतरी सांगावं. दुसरं काहीही सांगितलं, तर ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. देवावर ठेवा म्हणणाऱ्या शेजाऱ्याला त्याने एरवी कधी केलं नसतं ते केलं, उठून दार लावून घेतलं.

बाईंना राखीव बाटली आठवली ती भांडी घासताना. तशाच ओल्या हातांनी त्या बाहेर आल्या. "त्या आठवड्याचं इस्पितळाचं इंधन आमच्याकडे पास झालेल्या टँकरमधलं होतं. त्याची बाटली आहे खाली."

त्याने मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्याने त्यांच्याकडे नीट बघितलं. "त्यातून कळेल?"

"इंधन खराब असेल, तर कळेल."

वाक्याचा दुसरा अर्धा भाग दोघांनाही ऐकू आला. इंधन चांगलं असेल, तर तेही कळेल. तो म्हणाला, "चालेल." आणि बाईंनी आयुष्यात त्या शब्दाला पहिल्यांदा काही म्हटलं नाही.

*

फेरतपासणीचा नियम साधा होता. दोन्हीकडची माणसं समोर, आणि नात्यातल्या माणसाने नमुन्याला हात लावायचा नाही. प्रयोगशाळेत माणसंच दोन, बाई आणि सर. सर म्हणजे बाईंच्या बरोबर उलट. निवृत्तीला टेकलेले, मऊ, कुणाला नाही म्हणायची वेळ आली की चष्मा पुसायला घेणारे. नापास नमुन्याची बातमी सांगायला ते नेहमी बाईंना पुढे करायचे. आता सगळ्या चाचण्या त्यांनी करायच्या होत्या. त्यांनी जमिनीवर चिकटपट्टीची एक रेघ मारली, रेघेपलीकडे दाराजवळ बाईंसाठी स्टूल ठेवलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "इकडे पाय नाही, बाई. आणि मधे बोलायचंही नाही."

कंपनीकडून जो आला होता तो तरुण केमिस्ट. त्याच्या शर्टाच्या बाहीवरची घडी इतकी कडक होती, की सरांनी त्याचं नाव लगेच ‘इस्त्री’ ठेवलं. इस्पितळाच्या भांडारातला एक माणूस होता, तो नुसता सह्या करायला आलेला. पहिल्या दिवशी जरा वेळ बसून, जांभया देऊन तो निघून गेला, तो परत आलाच नाही.

बाटलीचं सील फोडलं. बाई स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या. त्या हातांना आपण आता काय करायचं ते कळेना.

पाणी तपासलं. मर्यादेच्या खूप आत. आम्लता तपासली, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गुलाबी रंग टिकेपर्यंत. जुन्या नमुन्यात ती थोडी वाढतेच, तशी वाढली होती, पण पास. किती तापल्यावर पेट घेतं ते बघितलं, पास. दुसऱ्या दिवशी ग्लिसरीनसाठी यंत्रावर लावलं. पडद्यावर रेघ वर चढू लागली तशा बाई नकळत पुढे झुकल्या. चढ बाई, चढ, अजून चढ. रेघ मर्यादेच्या जवळ आली, तिथे जरा घुटमळली आणि उतरली. पास. इस्त्रीने मोबाइलवर कुणाला तरी अंगठा पाठवला. बाईंना त्याचा इतका संताप आला की त्या उठून बाहेर पाणी प्यायला गेल्या. त्या पोराने काही केलं नव्हतं. त्याचं डिझेल चांगलं निघत होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

उरली एकच चाचणी, थंडीची. आणि खरं म्हणजे बाईंची सगळी आशा आधीपासून तिथेच होती. बाकी सगळं ठीक असूनही काही इंधनं थंडीत दगा देतात. ही तपासणी करायची म्हणजे घाई करून भागत नाही. आधी नमुना कोमट करून ठेवायचा, कारण इंधनाला मागे सोसलेल्या थंडीची आठवण असते, ती आधी पुसून काढायची. मग रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून टेबलावर ठेवून द्यायचं आणि हात बांधून बसायचं. बाहेरून ऊब द्यायची नाही. दोनेक तासांत ते आपोआप खोलीइतकं होतं. थंडीत गोठलेलं जे पुन्हा विरघळतं, ते निरुपद्रवी. जे विरघळत नाही, तेच घाटात फिल्टरवर जाऊन बसतं आणि इंजिनाचा गळा आवळतं. मग पंप लावून बारीक गाळणीतून सगळं ओढायचं आणि वेळ मोजायचा. वेळेत गेलं तर पास. आणि हे एकदाच करता येणार होतं. लिटरभरातलं बाकीचं आधीच्या चाचण्यांत खर्ची पडलं होतं. जे उरलं होतं ते बरोबर एका गाळणीपुरतं.

"उद्या कळेल," जेवताना बाई म्हणाल्या.

"गाळायचीच राहिलीय ना?" घड्याळने विचारलं. बाईंचं तोंड जेवताना नेहमी प्रयोगशाळेत असायचं, त्यामुळे इतक्या वर्षांत त्याला अर्धं रसायनशास्त्र ऐकूनच पाठ झालं होतं. सासूबाई तर म्हणायच्या, आमच्याकडे आमटीपेक्षा ग्लिसरीन जास्त वाढतात.

"गाळायचीच राहिलीय."

"बाकी सगळं पास?"

"पास."

त्याने ताटात हात धुतला. अर्धं जेवण तसंच होतं.

*

सकाळी फाटकावरच बाईंना इस्त्री भेटला. दोघं बरोबरच जिना चढले. बाटली टेबलावर होती आणि सर ती फडक्याने पुसत होते.

"पहाटेच काढून ठेवलीय," ते म्हणाले. "मला झोपच येत नव्हती, म्हटलं जाऊन बसू."

बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. सर सगळंच पुसतात. त्यांनी थर्मामीटर बाटलीत घातला, काढला, आकडा मोठ्याने सांगितला. इस्त्रीने तो लिहून घेतला. बघतो म्हणाला नाही. पांढऱ्या केसांच्या माणसाला कोण म्हणतं, दाखवा? सरांनी पंप चालू केला, बाटली उचलली आणि काचेच्या गाळणीत सगळी ओतली.

आणि गाळणीवर बाहेरून धुकं आलं.

काचेच्या भांड्यात गार काही ओतलं की बाहेरून दव धरतं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. द्रव होता तिथपर्यंत काच पांढरी झाली. दोन तास टेबलावर बसलेल्या बाटलीतलं इंधन असं नसतं. ही बाटली त्यांच्या येण्याच्या जरा आधी फ्रिजमधून निघाली होती, आणि सर जे पुसत होते ते दव होतं. या अवस्थेत हे इंधन गाळणीतून जाणारच नाही. चांगलं असलं तरी नाही.

सर बाईंकडे बघत नव्हते. इस्त्री घड्याळाच्या काट्याकडे बघत होता. धार बारीक झाली, मग तुटली, मग थेंब पडायला लागले. वेळ संपली तेव्हा अर्ध्याहून जास्त इंधन वरच उभं होतं.

"असं कसं?" इस्त्री म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "पुन्हा करा. काहीतरी चुकलंय. पुन्हा करा ना, सर."

सरांनी रिकामी बाटली उलटी करून त्याला दाखवली.

बाईंना बोलता आलं असतं. रेघेच्या अलीकडून चार शब्द पुरले असते, ‘सर, हे गार आहे.’ मग ही चाचणी रद्द झाली असती, बाकीच्या सगळ्या पास राहिल्या असत्या आणि कमिटीच्या पुढे एकच गोष्ट उरली असती, ड्रायव्हर. बाई गप्प बसल्या. त्यांच्या जागी कुणीही गप्पच बसलं असतं, असं म्हणणं सोपं आहे. पण बाई म्हणजे कुणीही नव्हत्या, म्हणून मला त्याचं वाईट वाटतं.

इस्त्री सही करून गेला. जिना उतरताना तो मोबाइलवर कुणाला तरी "नाही हो, मी समोरच होतो" असं सांगत होता.

बाई मोरीवर गेल्या. हाताला काम हवं म्हणून त्यांनी नळ सोडला आणि काचेचं सामान धुवायला घेतलं. गाळणी, फ्लास्क, बाटली. सर मागे येऊन उभे राहिले.

"कधी काढलीत?"

"झालं ना काम?"

"सर, बाटली कधी काढलीत?"

"तू जिना चढत होतीस तेव्हा." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "बाकी सगळं पास झालं होतं, बाई. हेही झालं असतं."

"झालं असतं का नसतं, ते आता कोण सांगणार?" बाई ओरडल्या. सरांवर त्या कधी ओरडल्या नव्हत्या. "मला नापास हवं होतं, सर. पण खरं नापास हवं होतं! कदाचित ते खरोखरच नापास झालं असतं. कदाचित त्याच्यातच खोट होती. तुम्ही तेवढीही जागा ठेवली नाहीत."

"माझा थोरला भाऊ असाच घरी बसला होता," सर हळू म्हणाले. "कारखान्यात अपघात झाला, याच्या नावावर आला. खिडकीशी बसून राहायचा. आम्ही सगळे म्हणायचो, होईल ठीक. नाही झाला तो ठीक. मला ते परत बघायचं नव्हतं."

"आणि त्या कंपनीचं काय?"

"त्यांचे टँकर तू कमी नापास केलेस?"

हे सर विनोदाने म्हणाले, त्यांना वाटलं असावं बाई हसतील. बाईंनी धुतलेली बाटली ओट्यावर आपटली. फुटली नाही.

*

कमिटीने निकाल दिला, इंधन सदोष. घड्याळला पुन्हा ड्यूटीवर बोलावलं. बाईंनी घरी जाऊन फक्त "नापास झालं" एवढंच सांगितलं. तो ऐकून भिंतीला टेकला आणि खाली बसला. सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, "सांगत होते ना मी, सांगत होते ना." त्या दिवशी तो पोटभर जेवला. बाईंना घास उतरत नव्हता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात कुणी सुखात असलं की बाकीच्यांच्या ताटाकडे कुणी बघत नाही.

मग तो म्हणाला, "त्या ताईंकडे जाऊ."

"कुठल्या ताई?"

"प्लंबरच्या मिसेस. त्यांना सांगायला हवं. तू बरोबर चल, मला नीट सांगता येणार नाही."

बाईंनी डोकं दुखत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काम असल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सांगायला काही उरलं नाही.

प्लंबरचं घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत भिंतीभर लोखंडी मांडणी, तिच्यावर नळ, पाइपांचे तुकडे, टेपच्या गुंडाळ्या, सगळं मापाप्रमाणे लावलेलं. त्याच्या बायकोने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या आणि आपण मांडणीला टेकून उभी राहिली.

"तुम्ही आलात ते बरं झालं, दादा. भाऊ म्हणाला काहीतरी निकाल लागलाय, पण त्याला धड सांगता आलं नाही." मग बाईंकडे वळली. "ताई, मला समजेल असं सांगा. कारण माझे दीर म्हणतात, मीच उशीर केला. यांना दुखायला लागलं, तेव्हा मी म्हटलं, पित्त झालं असेल, जरा पडून राहा. बराच वेळ पडून होते."

बाईंनी सांगितलं. थंडीत इंधन कसं धरतं, बारीक कण कसे फिल्टरवर बसतात, इंजिनाला मग कसं काही मिळत नाही. त्यांनी सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता, फक्त तो या इंधनाबद्दल खरा आहे का, ते त्यांना माहीत नव्हतं.

"म्हणजे गाडी बंद पडली नसती तर पोचलो असतो?"

"पोचलो असतो, ताई," घड्याळ म्हणाला.

"मी उशीर केला तरी?"

"तरी."

तिने मांडणीवरचा एक नळ उगाच सरळ केला. मग म्हणाली, "पण तपासण्यात चूक नसेल ना? शेवटी माणसंच करतात."

घड्याळ हसला. अभिमानाने हसला. "हिच्या लॅबमध्ये चूक? ताई, तुम्ही हिला ओळखत नाही. घरी मीठसुद्धा मोजून घालते. ही तपासणी घाईत करतच नाहीत. बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात, मग बाहेर काढून दोन तास नुसती ठेवून देतात. तिच्यावरचं दव आपोआप सुकेपर्यंत थांबतात. हो ना गं?"

‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं जे तोंड आकड्याखेरीज काही बोललं नव्हतं, त्याला ते जमलं नाही.

"थांबायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

फार हळू म्हणाल्या. प्लंबरची बायको डोळे पुसत होती. "काय म्हणालात, ताई?"

घड्याळ बाईंकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण त्याच्यात आता कुणी नव्हतं. त्याला सगळं कळलं होतं. न कळण्याइतकं अडाणी त्याला बाईंनीच ठेवलं नव्हतं, इतक्या वर्षांच्या जेवणांत.

मग तो वळला. "ती म्हणतेय, थांबतात," त्याने सांगितलं. "दोन तास. इंधनच खराब होतं, ताई. तुमची काही चूक नाही. पित्त समजून कुणीही थांबलं असतं." कमिटीसमोर एक ‘हो’ ज्याच्या तोंडून निघाला नव्हता, तो माणूस हे सगळं सरळ, न अडखळता बोलला.

ती मांडणीला धरून रडली. खूप रडली, आणि मग म्हणाली, आता मला जरा झोप लागेल. त्यांना दारापर्यंत सोडायला आली. "येत जा," म्हणाली.

रस्त्यावर दुकानं बंद होत होती. दोघं बसथांब्याकडे चालू लागले.

"सरांनी?" त्याने विचारलं.

"हो."

"परत करता येईल?"

"नाही."

"थोडंसं तरी उरलं असेल. बाटलीच्या तळाला."

"मी धुतली ती," बाई म्हणाल्या. "तेव्हाच धुतली. हाताला सवय."

त्याने मान हलवली. हाताच्या सवयीबद्दल त्याला सांगायला नको होतं.

"म्हणजे आता कधीच कळणार नाही."

बाईंना खोटं सांगायचं होतं. सर सांगू शकले, तोही आत्ता सांगू शकला. त्या म्हणाल्या, "नाही."

बसथांब्यावर बाकडं रिकामं होतं, पण तो बसला नाही. आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "परवापासून ड्यूटी आहे. पहाटे मी पाणी सोडेन, तेव्हा तू येऊन बघशील? नुसती उभी राहून. म्हणजे सोडलं हे कुणीतरी पाहिलेलं असेल."

"बघेन."

"रोज?"

इस्पितळ डोंगरावर होतं, बाईंची प्रयोगशाळा खाली वसाहतीत, आणि रोज पहाटे वर जाऊन कामाच्या वेळेला खाली पोचणं होण्यासारखं नव्हतं.

"रोज," बाई म्हणाल्या. बस आली, आणि दोघं मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या येऊ शकणार नाहीत, हे त्यालाही माहीत होतं.